आइस हॉकीचं सामान: नवं काय, जुनं काय

कॅनडात मूल सहा-सात वर्षांचं झालं, की वर्गातल्या मित्रांचं बघून हॉकीचा हट्ट धरतंच. खर्चाच्या धास्तीनं लगेच नाही म्हणू नका. फक्त सगळं नवंकोरं घ्यायला धावू नका.

शिन पॅड (नडगीचे), खांद्याचे पॅड, हॉकी पँट बिनधास्त सेकंडहँड घ्या. ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’सारख्या दुकानांत चांगली मिळतात. स्केट्सही जुने चालतात, पण पातं नीट बघा. धार लावून लावून ते बारीक पट्टीएवढं उरलं असेल, तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. आणि आपल्याकडे शाळेचे बूट घेतात तसे वाढत्या मापाचे स्केट्स घेऊ नका. ते नेहमीच्या बुटांपेक्षा एक-दीड नंबर लहानच लागतात. आमच्या लेकीचे सैल होते. घोटे आत वळायचे, बिचारी दर दोन मिनिटांनी बर्फावर बसायची.

हेल्मेट मात्र नवंच, सीएसएचा (कॅनडातल्या सुरक्षा-मानक संस्थेचा) शिक्का असलेलं. आतला तडा बाहेरून दिसत नाही, तिथे काटकसर नको.

अगदी नवख्या ६ ते १० वयाच्या मुलांसाठी एनएचएलचा (इथल्या मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगचा) ‘फर्स्ट शिफ्ट’ उपक्रम आहे. त्याच्या फीमध्येच डोक्यापासून पायापर्यंतचं सामान मिळतं. फी झेपत नसेल तर मुलांच्या खेळाला मदत करणाऱ्या ‘जंपस्टार्ट’ संस्थेकडे अर्ज करा, त्यात संकोच कसला! पहिली काही वर्षं हाऊस लीग, म्हणजे गावातल्या गावात खेळायची लीग, पुरे. गावोगावी खेळायला जाणाऱ्या ट्रॅव्हल टीममध्ये फीशिवाय हॉटेल आणि पेट्रोलही बरंच खातं.