नवा शॉकअप घेण्याआधी सॅग मोजा

बाइक वळणावर डोलते म्हणून थेट महागडा शॉकअप घेऊ नका. आधी सॅग मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर बाइक सस्पेन्शनवर किती खाली दबते ते. मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग नेहमीचं जॅकेट-हेल्मेट घालून बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा आणि दुसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्ही मापांतला फरक रस्त्यावरच्या बहुतेक बाइकना 30 ते 40 मिमी हवा. जास्त असेल तर प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बाइकची उंची बदलते. त्यामुळे प्रीलोड पूर्ण पिळूनही सॅग जास्तच राहिला, तर तुमच्या वजनाला जास्त रेटची, म्हणजे जास्त कडक, स्प्रिंगच लागेल.

पुढे ब्रेक मारताच नाक खाली बुडत असेल, तर फोर्क ऑइल, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन सस्पेन्शन नळ्यांमधलं ऑइल, तेही बघा. जुनं ऑइल पातळ पडतं. बदलताना स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून ऑइलची पातळी मॅन्युअलप्रमाणे मिलिमीटरमध्ये मोजा आणि फोर्कच्या दोन्ही नळ्यांत ती अगदी सारखी ठेवा. ऑइल जास्त भरलं तर वर हवेला जागा उरत नाही, खड्ड्यात हँडलला दणका बसतो आणि सील गळू लागतात.