बोंड फुटण्याची फ्रेम: ब्लेंडरमध्ये वस्तू ठरलेल्या वेळी दाखवणे व लपवणे

पऱ्हाटीवर बोंड कसे फुटते हे शेतीशाळेत पडद्यावर दाखवायचे असेल, तर एकाच मॉडेलमधून कापूस उमलवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा हिरवे मिटलेले बोंड आणि फुटलेले बोंड अशी दोन मॉडेल्स एकाच जागी ठेवून नेमक्या फ्रेमवर त्यांची अदलाबदल करणे सोपे पडते.

ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधील आउटलायनरमध्ये, म्हणजे दृश्यातील वस्तूंच्या यादीत, वस्तूच्या नावासमोर डोळ्याचे चिन्ह असते आणि नवशिक्याचा हात आधी तिकडेच जातो. मात्र ते चिन्ह काम करताना अडचण होणारी वस्तू बाजूला सारण्यापुरतेच असून त्यावर कीफ्रेम, म्हणजे ठरावीक फ्रेमवरची स्थिती नोंदवणारी खूण, बसत नाही. आपल्या कामाची चिन्हे दोनच आहेत: मॉनिटरचे चिन्ह व्ह्यूपोर्टसाठी (काम करताना दिसणाऱ्या दृश्यासाठी) आणि कॅमेऱ्याचे चिन्ह अंतिम रेंडरसाठी (तयार होणाऱ्या चित्रासाठी). मॉनिटरचे चिन्ह दिसत नसल्यास आउटलायनरच्या फिल्टरमधून ते चालू करून घ्यावे.

सेकंदाला 24 फ्रेम्स धरल्यास पाच सेकंद पूर्ण झाल्यावर, म्हणजे 121 व्या फ्रेमवर, बोंड फुटेल. पहिल्या फ्रेमवर मिटलेल्या बोंडाची दोन्ही चिन्हे चालू ठेवून, माउसचा बाण एकेका चिन्हावर नेऊन, क्लिक न करता 'आय' ही कळ दाबावी. मग 121 व्या फ्रेमवर दोन्ही चिन्हे बंद करून पुन्हा तसेच करावे. फुटलेल्या बोंडासाठी हाच क्रम उलटा. दृश्यतेला अधलीमधली अवस्था नसल्यामुळे पहिल्या कीफ्रेमची स्थिती 120 व्या फ्रेमपर्यंत जशीच्या तशी टिकते, आणि तिथे जादा कीफ्रेम देणे अनावश्यक ठरते.

खरी पंचाईत पुढे होते. व्ह्यूपोर्टमध्ये लपलेली वस्तू क्लिक करून निवडता येत नाही, आणि डोप शीट (कीफ्रेम मांडून दाखवणारी खिडकी) बहुधा निवडलेल्या वस्तूंचेच कीफ्रेम दाखवत असल्याने ते पुसले गेल्यासारखे वाटतात. अशा वेळी टाइमलाइनवर वस्तू दिसत असलेल्या फ्रेमवर जाऊन तिला निवडावे, म्हणजे सगळे कीफ्रेम पुन्हा समोर येतात. शिवाय पेरेंट वस्तू लपवल्याने तिला जोडलेल्या वस्तू लपत नाहीत. बोंडाला देठ किंवा अळी जोडलेली असल्यास प्रत्येकीला स्वतंत्र कीफ्रेम द्यावे लागतात.

संथ बदलासाठी मात्र ही पद्धत कुचकामी आहे. अमेरिकन कापसाचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरे असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तो फरक मटेरियलच्या बेस कलरवर कीफ्रेम देऊन दाखवावा. वस्तू हळूहळू विरून जायला हवी असेल, तर मटेरियलच्या प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ या शेडरमधील अल्फाची, म्हणजे अपारदर्शकतेची, किंमत 1 वरून 0 वर आणावी.

व्ह्यूपोर्टमध्ये सर्व ठीक दिसले तरी कॅमेऱ्याच्या चिन्हाचा कीफ्रेम राहून गेलेला असू शकतो. म्हणून विजेच्या भरवशावर रात्रभर रेंडर लावण्यापूर्वी 120 आणि 121 या दोन फ्रेम्स 'एफ 12' दाबून तपासाव्यात. दोन्ही बोंडे एकात एक घुसलेली दिसली, तर चूक तिथेच आहे.