लिव्याथानाच्या डोळ्यांतील पहाट

हिब्रू शिकू लागल्यावर बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकातला लिव्याथान हा अक्राळविक्राळ जलचर समोर आला, तेव्हा माझे कित्येक आठवडे एकाच प्रश्नात गेले: ही मगर की आणखी काही? मगरीचे मत जुने आहे. साम्युएल बोशार्त या फ्रेंच विद्वानाने १६६३ साली ते सविस्तर मांडले. ढालींसारखे खवले आणि दातांची दहशत वाचून ते पटतेही. पण तोंडातून मशाली आणि नाकपुड्यांतून धूर निघू लागला की मगर अपुरी पडते.

नव्या अभ्यासकांना माझे सांगणे असे की, प्राण्याला नाव देण्याची घाई न करता कवीचे शब्द याआधी कुठे आले आहेत ते शोधावे. लिव्याथानाच्या डोळ्यांना कवी ‘अफअप्पे-शाखर’, म्हणजे पहाटेच्या पापण्या, म्हणतो. (मराठी बायबलातले ४१:१८ हे वचन हिब्रू प्रतीत ४१:१० आहे, शब्दसूची पाहताना हा फरक लक्षात ठेवावा, मी त्यात पुष्कळ वेळ घालवला.) हेच शब्द तिसऱ्या अध्यायात आहेत, जिथे दुःखाने पिचलेला ईयोब लिव्याथानाला चेतवणाऱ्यांना हाक मारतो आणि आपल्या जन्माच्या रात्रीला पहाटेच्या पापण्या दिसूच नयेत असा शाप देतो. उजेड विझावा म्हणून ईयोबाने ज्याचे नाव घेतले, त्याच्याच डोळ्यांत देव ४१व्या अध्यायातल्या आपल्या भाषणात ईयोबाला पहाट दाखवतो. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून हे पहिल्यांदा उमगले, त्या रात्री मला झोप आली नाही.

शेजारच्या संस्कृतींकडेही पाहावेच. सीरियातील रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातील मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत लोतान नावाचा सात डोक्यांचा, वेटोळ्यांचा सर्प आहे, आणि बायबलातल्याच यशयाच्या पुस्तकात (२७:१) आलेल्या लिव्याथानाची विशेषणे जवळपास तीच आहेत. तरीही उगम सापडला म्हणजे अर्थ सापडला असे मानू नये. बायबलातल्या ७४व्या स्तोत्रात देव लिव्याथानाची डोकी ठेचतो, तर १०४व्या स्तोत्रात तोच लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी घडवलेला आहे.

उपमांपाशी मात्र निवांत थांबावे. लिव्याथानाचे काळीज जात्याच्या खालच्या तळीसारखे कठीण आहे, असे कवी म्हणतो. नुसता दगड म्हणूनही भागले असते, आणि तो तसे आधी म्हणतोही; पण जात्यावर बसलेल्या माणसाला ठाऊक असते की वरची तळी फिरते, खालची जागची हलत नाही.