चिकट सापळे रिकामेच राहतात? रंग निवडताना या चुका टाळा

पिकात चिकट लेप दिलेले रंगीत पत्र्याचे सापळे लावूनही कीड चिकटत नसेल, तर बहुतेकदा रंग माणसाच्या डोळ्यांनी निवडलेला असतो. पांढरी माशी आणि मावा यांना अतिनील, निळा आणि हिरवा प्रकाश चांगला कळतो. तांबडा जवळजवळ नाहीच. समोरून हिरवा प्रकाश भरपूर आणि निळा अगदी कमी आला, की कोवळं पान समजून त्या उतरतात. पिवळ्या पत्र्यावरून नेमका असाच प्रकाश परततो, तोही पानापेक्षा कितीतरी जास्त.

त्यामुळे नारिंगीकडे झुकणारा पिवळा घेऊ नका. आपल्याला तो भडक वाटतो, पण त्याच्यात हिरव्याचा वाटा घटतो. लिंबाच्या सालीसारखा पिवळा हवा. पांढरा पत्राही फारसा उपयोगाचा नाही, कारण त्यावरून निळाही तेवढाच परततो.

घरी डबे रंगवून सापळे करणाऱ्यांची खरी फसगत ग्रीसमुळे होते. काळपट ग्रीस फासलं की खालचा रंग झाकला जातो. मग किडीच्या दृष्टीने तो डबा पिवळा उरतच नाही! एरंडेल तेल किंवा पारदर्शक पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. धूळ आणि मेलेले किडे यांनीही तेच होतं, तेव्हा दर आठवड्याला पुसून पुन्हा लेप द्या. रंग फिकटला असेल तर पुसत बसू नका, बदला.

मिरची-कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी निळा सापळा लावा. मात्र निळा मधमाश्यांनाही ओढतो. पीक फुलोऱ्यात असताना सापळ्यावर मधमाश्या दिसू लागल्या, तर काढून ठेवलेला बरा.

सापळा शेंड्यापासून साधारण १५ सेंमी वर असावा. पीक वाढतं, काठी तिथेच राहते आणि महिन्याभरात सापळा पानांत दडतो. ही चूक फार दिसते. नुसत्या टेहळणीसाठी एकरी १०-१२ सापळे चालतात.

बोंडअळीचे पतंग मात्र पिवळ्यावर शोधू नका. ते रात्री फिरतात, त्यातले नर मादीच्या गंधाने येतात. त्यांना असाच गंध सोडणारे कामगंध सापळेच लागतात. लाल कोळ्याला तर पंखच नाहीत, आणि पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखालून हलत नाहीत. त्यांच्यासाठी पान उलटून पाहावं लागतं.