पायपर कब उडवायला शिकताना

कापडाने मढवलेले पंख, 65 अश्वशक्तीचे इंजिन, बॅटरी नाही, स्टार्टर नाही आणि ताशी जेमतेम 120 किलोमीटर वेग, अशा विमानासाठी आजही लोक पदरचे पैसे मोडून शिकायला जातात, यामागे केवळ जुन्या काळाची ओढ आहे असे मला वाटत नाही. पायपर जे-3 कब हे विमान वैमानिकापासून काहीही लपवत नाही. पाय सुस्त असतील तर ते लगेच वाकडे जाते, नजर चुकली तर लगेच दणका बसतो आणि हात-पाय-डोळे जुळले की त्याची पावतीही तत्काळ मिळते. हे आकर्षण बाहेरून पाहून कळत नाही. ते नीट शिकल्यावरच कळते, म्हणून हे शिक्षण कसे घ्यावे याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कब 1938 ते 1947 या काळात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लॉक हेवन या गावी तयार झाले आणि त्याची सुमारे 20,000 विमाने बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन सरकारने नागरी वैमानिक घडवण्याची जी मोठी योजना हाती घेतली, तिच्यातल्या असंख्य तरुणांनी पहिले उड्डाण याच पिवळ्या विमानातून केले. कबच्या पुढे चाक नसते; दोन मुख्य चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक यांवर ते नाक वर करून उभे राहते. मराठी वाचकाला ही जातकुळी अगदीच परकी नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानही शेपटीवर टेकणारेच होते. पुढे 1982 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास त्याच घराण्यातल्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकट्याने केला. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांमध्ये आता बहुतेक सेसना आणि तत्सम, पुढे चाक असलेली विमाने असतात. त्यामुळे कबवर शिकायचे तर अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथे काही आठवडे जाऊ शकणाऱ्या मराठी माणसाला ते सर्वांत सोयीचे पडते.

परवाना आणि गुरू

ज्याच्याकडे आधीच अमेरिकन वैमानिक परवाना आहे, त्याला शेपटीच्या चाकाच्या विमानासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. इन्स्ट्रक्टरने साधे आणि आडव्या वाऱ्यातले टेकऑफ व लँडिंग, व्हील लँडिंग (आधी फक्त मुख्य चाके टेकवून उतरणे) आणि गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) शिकवून लॉगबुकात तसा शेरा लिहून सही केली की एकट्याने उडवण्याची मुभा मिळते. नियमात यासाठी तासांची किमान संख्या नाही, आणि ते योग्यच आहे, कारण हे कौशल्य घड्याळाकडे बघून येत नाही. ज्याने अजून काहीच शिकलेले नाही, त्याला थेट कबवरच स्पोर्ट पायलट परवान्यासाठी सुरुवात करता येते. त्याला किमान 20 तासांचे उड्डाण लागते आणि अमेरिकेचा वाहनचालक परवाना वैद्यकीय प्रमाणपत्राच्या जागी चालतो. जो अमेरिकन नागरिक नाही त्याने पहिल्या परवान्याचे प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मंजुरी घेणे बंधनकारक आहे. ही गोष्ट तिकीट काढण्याआधी उरकावी.

विमानापेक्षा इन्स्ट्रक्टरची निवड अधिक विचारपूर्वक करावी. शेपटीच्या चाकाची विमाने तो नियमितपणे उडवतो का, हे आधी विचारावे. त्यानंतर धावपट्टी पाहावी. गवताची धावपट्टी मिळत असेल तर तीच निवडावी. विमान थोडे तिरके टेकले तरी गवतावर चाके किंचित घसरतात आणि चूक पोटात घातली जाते, तर डांबरावर तीच चाके पकड घेतात आणि विमान झटक्याने वळते. हेही आधीच विचारून घ्यावे की शेरा मिळाल्यावर तिथले विमान एकट्याने उडवायला मिळेल की नाही, कारण विम्याच्या अटींमुळे बऱ्याच ठिकाणी कब फक्त इन्स्ट्रक्टरसोबतच दिले जाते.

उड्डाणापूर्वीची तपासणी

सेसनाच्या सवयीने इथे पाहणी उरकू नये. कापडावरून तळहात फिरवून ते ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले आहे की कुठे सैल पडले आहे, हे पाहावे. पूर्वी सुती कापडावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप, चढवत असत, आता बहुतेक विमानांवर पॉलिस्टरचे कापड असते, पण शिवणीपाशी उसवलेली कड आणि खडी लागून पडलेले छिद्र दोन्हींत सारखेच धोक्याचे असते. शेपटीच्या खालच्या अंगाला पाणी साचून आतल्या पोलादी नळ्या गंजण्याची शक्यता असते, म्हणून तिथे खाली बसून पाहावे. चाकांना धक्का सोसण्यासाठी रबरी दोऱ्यांची वेटोळी असतात, ती आवरणाखाली ढिली झालेली नाहीत ना हे पाहावे, आणि शेपटीच्या चाकाला रडरशी (पायाने हलवून नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या पात्याशी) जोडणाऱ्या स्प्रिंगा हाताने हलवून बघाव्यात.

इंधनाचा मापक हे कबचे माझे सर्वांत आवडते अंग आहे. वैमानिकाच्या अगदी समोर, इंजिनामागे 12 अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे 45 लिटरची टाकी असते. टाकीत एक बूच तरंगते, त्या बुचाला एक तार जोडलेली असते आणि ती तार झाकणातून वर डोकावते. इंधन संपत जाईल तशी तार खाली उतरते आणि काचेपलीकडे ती सतत डोळ्यांसमोर राहते. उड्डाणापूर्वी ती बोटाने हळूच दाबून सोडावी. ती अडखळली तर तिच्यावर विसंबू नये. इंजिन तासाला साधारण 16 लिटर पिते, तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली असली तरी दोन तासांत खाली उतरण्याचा बेत ठेवावा. टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून पाण्याचा अंश पाहण्याची शिस्त इतर विमानांप्रमाणे इथेही आहे.

हाताने इंजिन चालू करणे

हा भाग कोणीही एकट्याने, वाचून किंवा व्हिडिओ पाहून शिकू नये. तो जाणत्या माणसाकडून, समोरासमोर शिकावा. कबच्या इंजिनात ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज तयार करणाऱ्या साधनातून येते आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच बंद केला म्हणजे मॅग्नेटोची तार जमिनीशी, अर्थात इंजिनाच्या धातूशी जोडली जाते आणि ठिणगी थांबते. ती एक तार तुटलेली असेल तर स्विच बंद दिसत असूनही मॅग्नेटो जागा असतो. म्हणून स्विच काहीही दाखवत असला तरी प्रोपेलर नेहमी चालू होण्याच्या बेतातच आहे असे मानूनच त्याला हात लावावा.

चाकांपुढे चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावावेत, शक्य असेल तिथे शेपटी दोराने बांधावी आणि आत प्रशिक्षित माणूस बसवावा. त्याच्या टाचा ब्रेकवर आणि स्टिक (विमान झुकवण्याचा, हातात धरायचा दांडा) पोटाशी हवी, कारण कबचे ब्रेक टाचेने दाबायचे आणि मुळात दुबळे असतात. प्रोपेलर फिरवणाऱ्याने पायाखाली चिखल, दव किंवा सुटी खडी नाही हे पाहावे. अंगावर लोंबणारा ओढणी-मफलर, सैल बाही, अंगठी काही नसावे. त्यानंतर दोघांमध्ये मोठ्याने बोलणे सुरू होते: बाहेरच्याने “स्विच ऑफ” म्हणायचे, आतल्याने स्विच पाहून तेच शब्द परत उच्चारायचे. मग प्राइमरने थोडे इंधन देऊन प्रोपेलर काही वेळा हळू फिरवायचा. “कॉन्टॅक्ट” हा शब्द दोघांनी उच्चारल्यावरच स्विच चालू होतो. बोटे पात्याच्या कडेवर गुंडाळायची नाहीत, तळहात पसरूनच पाते खाली ओढायचे आणि त्याच हालचालीत शरीर मागे न्यायचे. ज्या दिवशी ही देवाणघेवाण पुटपुटत उरकली जाते आहे असे वाटेल, त्या दिवशी थांबून पहिल्यापासून सुरुवात करावी.

जमिनीवर

कबमध्ये दोन आसने एकामागे एक असतात आणि एकट्याने उडवताना मागच्या आसनावर बसावे लागते. नाक वर असल्यामुळे समोरचे दिसत नाही, आणि पुढे इन्स्ट्रक्टर बसला असेल तर त्याची पाठच दिसते. म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, विमान नागमोडी न्यावे आणि प्रत्येक वळणावर आलटून पालटून एकेका बाजूने पुढे पाहावे. वारा समोरून असेल तर स्टिक मागे ओढलेली हवी. मागून असेल तर ती पुढे ढकलायची, नाहीतर वारा शेपटी उचलतो. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतकाच असावा.

इथेच शेपटीच्या चाकाचे मूळ कोडे समजून घ्यावे. या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक थोडे वळले की मागचे वजन ते वळण आणखी वाढवू पाहते, आणि वेळेवर रडर दिला नाही तर शेपटी पुढे यायला बघते, पंख जमिनीला घासतो आणि विमान गर्रकन फिरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय एकच आहे: वळण दिसण्याआधी, ते जाणवू लागताच पायाने छोटा दाब द्यावा आणि लगेच सोडावा. नवशिका दाब देतो, पण सोडायला विसरतो, आणि मग विमान डावी-उजवीकडे झुलू लागते. एखादा पूर्ण तास नुसते टॅक्सीत घालवायला इन्स्ट्रक्टर तयार असेल तर तो तास वाया गेला असे समजू नये.

टेकऑफला थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा खटका) सावकाश पूर्ण पुढे न्यावा. प्रोपेलर वैमानिकाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे नाक डावीकडे ओढले जाते आणि उजवा पाय लागतो. स्टिक पुढे करून शेपटी उचलताना फिरणाऱ्या प्रोपेलरच्या भोवऱ्यासारख्या वागणुकीमुळे डावीकडची ओढ क्षणभर वाढते, म्हणून शेपटी झटक्यात उचलू नये. रिकाम्या विमानाला फार धाव लागत नाही, ते आपणहून जमीन सोडते, आणि मग ताशी 55 मैलांच्या आसपास वेग धरून वर चढावे.

हवेत

हवेत कब शांत असते, पण वळताना ते पायांचा हिशेब मागते. खाली झुकलेला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते पाते) जास्त ओढ निर्माण करतो, त्यामुळे स्टिक डावीकडे नेली तर नाक आधी किंचित उजवीकडे जाते, आणि ते रोखण्यासाठी त्याच क्षणी डावा रडर द्यावा लागतो. क्षितिजावरच्या एखाद्या झाडावर नाक रोखून पंख आलटून पालटून झुकवण्याचा सराव रोज करावा. नाक झाडावरून हलले नाही म्हणजे हात-पाय जुळले. उजव्या बाजूचा दोन भागांचा दरवाजा उघडा ठेवून उडता येते, आणि तो केवळ वाऱ्यासाठी नाही. वेग घटून स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा क्षण, जवळ आला की खाली लोंबणारा त्याचा अर्धा भाग आपसूक वर तरंगू लागतो, आणि वेगमापकाकडे न बघताही वैमानिकाला सावध करतो. स्टॉल ताशी 38 मैलांच्या आसपास होतो आणि तो सौम्य असतो, तरी पुरेशी उंची घेऊन तो पुन्हा पुन्हा करून पाहावा.

उतरणे

कबला फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग आणि उंची कमी करायला मदत करणारी पंखांवरची पाती, नसतात. उंची जास्त झाली तर एक पंख खाली करून विरुद्ध रडर देत विमान बाजूला घसरवायचे असते, त्याला साइडस्लिप म्हणतात, आणि ते इन्स्ट्रक्टरसोबत इतके घोटावे की भीती उरू नये. इंजिनाचा जोर कमी करण्याआधी कार्बोरेटर हीट, म्हणजे इंधन-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला गरम हवा, द्यावी, कारण या छोट्या इंजिनांत दमट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. ताशी 55 ते 60 मैलांवर खाली यावे. थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये जमिनीलगत विमान टेकू न देता स्टिक हळूहळू मागे ओढत राहायचे. ती पोटाला लागेल तेव्हाच तिन्ही चाके एकदम टेकली पाहिजेत. या वेळी समोरचे काही दिसत नाही, म्हणून नजर दोन्ही बाजूंच्या कडांवर पसरून ठेवावी. एकाच बिंदूकडे टक लावणाऱ्याला उंचीचा अंदाज येत नाही. व्हील लँडिंगमध्ये शेपटी वर ठेवून फक्त मुख्य चाके टेकवतात आणि टेकताक्षणी स्टिक किंचित पुढे करतात. आडव्या वाऱ्यात काही वैमानिकांना ही रीत आवडते. माझे मत असे की आधी थ्री-पॉइंट पक्के करावे, कारण त्यात जमिनीला लागण्याचा वेग कमी असतो आणि चुकीची किंमतही कमी.

उसळी आली तर ती लहान असेल तेव्हा स्टिक तशीच धरून पुन्हा टेकू द्यावे. मोठी असेल तर थ्रॉटल पूर्ण पुढे करून गो-अराउंड करावा. गो-अराउंडमध्ये कमीपणा काही नाही, आणि जो इन्स्ट्रक्टर तसे भासवतो त्याच्याकडे शिकू नये. टेकल्यावर काम संपत नाही, उलट वेग घटतो तसा रडर निष्प्रभ होतो आणि ग्राउंड लूपची शक्यता त्याच वेळी वाढते. विमान दोरांनी बांधून होईपर्यंत पाय जागे ठेवावेत.

शेरा मिळाल्यावर पहिले काही आठवडे पहाटेच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या निवांत हवेतच उडावे आणि आडव्या वाऱ्याची मर्यादा इन्स्ट्रक्टरशी बोलून आकड्यात ठरवून घ्यावी. ती मर्यादा त्याच्यासोबतच्या सरावानंतरच वाढवावी. पुढे स्वतःचे कब घ्यायचा विचार असेल तर सुटे भाग अजूनही नव्याने तयार होतात ही मोठी सोय आहे, पण खरेदीपूर्वी कापडाच्या जुन्या विमानांचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडून शेपटीकडच्या नळ्या आणि पंखांचे मुख्य वासे तपासून घ्यावेत, आणि वर्षातून एकदा अधिकृत तपासनिसाकडून होणाऱ्या तपासणीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.