कामिशिबाई: सुट्या चित्रांची गोष्ट कशी बसवावी

कामिशिबाई म्हणजे चित्रांची सुटी कार्डं चौकटीत लावून, एकेक बाहेर ओढत सांगायची जपानी गोष्ट. १९३०च्या दशकात तोक्योच्या गल्ल्यांतून खाऊ विकणारे सायकलवर ही चौकट घेऊन फिरत. टीव्ही आल्यावर त्यांचा धंदा बसला, पण शाळा-ग्रंथालयांत हे खेळ आजही होतात. पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्यांना चित्रामागून चित्र दाखवण्याची रीत परकी वाटणार नाही.

सुरुवातीला १२ कार्डांत मावणारी लोककथा घ्या. नदीत वाहत आलेल्या पीचमधून जन्मून राक्षसांच्या बेटावर लढायला जाणाऱ्या मोमोतारोची उत्तम. ३८ बाय २६ सेंमीची जाड कार्डं एकाच मापाने कापा. एखादं जरी मोठं राहिलं तर ऐन रंगात अडकतं. कोपरे किंचित गोल करा. लॅमिनेशन नको: उजेड चमकतो, कार्डं एकमेकांना चिकटतात. रेषा ठळक हव्यात. नाजूक तपशील मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

मजकूर लिहिताना हमखास घोळ होतो. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डाच्या पाठीवर येतो, दुसऱ्याचा पहिल्याच्या, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. कारण ओढलेलं कार्ड गठ्ठ्याच्या मागे जातं आणि त्याचीच पाठ आपल्यासमोर येते. म्हणून आधी सगळ्यांवर क्रमांक घाला, मगच लिहा.

खोक्याची चौकट चालते. समोर ३६ बाय २४ सेंमीची खिडकी कापा, म्हणजे कार्डाची कड चारही बाजूंनी १ सेंमी झाकली जाईल. मागची बाजू वाचण्यापुरती उघडी ठेवा. प्रेक्षकांच्या डावीकडे कार्डाच्या पूर्ण उंचीची फट हवी.

खरी कला ओढण्यात आहे. कार्ड प्रेक्षकांच्या डावीकडे सरकतं, म्हणून पुढच्या चित्राची उजवी बाजू आधी दिसते. नदीच्या चित्रात पीच उजवीकडे काढा, कपडे धुणारी आजी डावीकडे. आधीचं कार्ड अर्ध्यावर थांबवून ‘दोनबुराको, दोनबुराको’ (पीच हेलकावत वाहत येण्याचा जपानी नाद) म्हणत पीच वाहू द्या. मग उरलेलं कार्ड ओढलं की आजी दिसते. राक्षसांच्या बेटावर मात्र झटक्यात ओढा. सगळी कार्डं एकाच वेगाने ओढली की गोष्ट सपाट होते, आणि नवशिके नेमकं हेच करतात. घाई हे त्याचं कारण. चित्र पूर्ण उघडल्यावर एक श्वास थांबा, मुलांना ते पाहू द्या, मग बोला.

उभं राहायचं ते चौकटीच्या बाजूला, मागे लपून नाही. सांगणाऱ्याचा चेहरा दिसायलाच हवा. खेळाआधी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजवून मुलं गोळा करा, आणि गठ्ठा क्रमाने लागलाय ना, हे त्याआधीच तपासा.