लेसर मार्किंग करताना धातूवरचा ऑक्साइडचा थर कसा जपावा

नवी मुंबईतील रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातील बहुतेक मार्किंगवाल्यांकडे 1064 नॅनोमीटरचे फायबर लेसर मशीन असते आणि अक्षरे सुबक उमटली की जॉब पास होतो. आमच्याकडून गेलेल्या 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवरील क्यूआर कोडही असेच सुबक होते. मात्र खाडीच्या वाऱ्यात एक पावसाळा काढल्यावर त्यातील प्रत्येक बारीक चौकोनाच्या कडेला तांबूस रेघ दिसू लागली आणि स्कॅनर कोड वाचेनासा झाला. पट्टीचा कोरा भाग मात्र लखलखीत होता. दोष स्टीलचा नव्हता, आम्ही निवडलेल्या पल्सचा, म्हणजे लेसरच्या क्षणिक झोताचा, आणि नंतर गाळलेल्या एका पायरीचा होता.

मशीनला हात लावण्यापूर्वी जॉबवर कोणता थर आहे ते ओळखावे. अनोडायझिंग केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइड चढवलेल्या, ॲल्युमिनियमवर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर असतो. हा थर 1064 नॅनोमीटरच्या प्रकाशाला बराचसा पारदर्शक असल्यामुळे पल्स त्यातून आरपार जाऊन खालच्या धातूत शोषली जाते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, ॲल्युमिना मात्र 2000 अंशांच्याही पुढे; शिवाय तापल्यावर धातू थरापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो. त्यामुळे पल्स जड झाली की थर खालून उचलला जातो, त्याला तडे जातात आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. स्टेनलेस स्टीलवरील, गंज रोखणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे तो वाचवून नॅनोसेकंद पल्सने ठसठशीत मार्किंग करण्याचा विचारच सोडून द्यावा. थोडक्यात, ॲल्युमिनियमवर थर राखायचा असतो आणि स्टीलवर तो गेला असे समजून पुन्हा घडवायचा असतो.

सेटिंग करताना पॉवरच्या टक्केवारीकडे न पाहता एका पल्समध्ये किती ऊर्जा जाते ते काढावे. 20 वॅटचे मशीन 20 किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला 20,000 पल्स सोडत, चालवल्यास प्रत्येक पल्समध्ये 1 मिलिज्यूल ऊर्जा असते. 200 किलोहर्ट्झवर तीच 0.1 मिलिज्यूलवर येते. मात्र स्पीड तेवढाच ठेवून नुसती फ्रिक्वेन्सी वाढवणे ही नेहमीची चूक आहे. ठिपका 50 मायक्रॉनचा आणि स्पीड सेकंदाला 200 मिलिमीटर धरला, तर 20 किलोहर्ट्झवर एका जागी सुमारे 5 पल्स पडतात, 200 किलोहर्ट्झवर सुमारे 50. उष्णता साचत जाते आणि पल्स हलकी करूनही थर भाजतो. म्हणून फ्रिक्वेन्सी दहापट केली तर स्पीडही त्याच प्रमाणात वाढवून सुरुवात करावी. पल्सची लांबी बदलता येणारे मोपा मशीन असल्यास अनोडाइज्ड जॉबवर काळ्या मार्किंगसाठी 4 ते 20 नॅनोसेकंदांच्या आखूड पल्स वापराव्यात. त्यांची उष्णता धातूत कमी खोल शिरते.

त्याच बॅचच्या टाकाऊ तुकड्यावर 5 मिलिमीटरचे 25 चौकोन काढून आडवी पॉवर आणि उभी फ्रिक्वेन्सी बदलत न्यावी. किरण दिसत नाही, म्हणून 1064 नॅनोमीटरचाच चष्मा लावावा. स्टीलच्या धुरात क्रोमियमची संयुगे असतात, तेव्हा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय काम करू नये.

अनोडाइज्ड चौकोन तपासायला बझरवर (कंटिन्युइटीवर) लावलेला मल्टिमीटर पुरतो. एक प्रोब कानशीने उघड्या केलेल्या धातूवर टेकवावा आणि दुसरा, न दाबता, कोरड्या मार्किंगवर फिरवावा. ऑक्साइड विद्युतरोधक असल्याने बझर वाजला तर थर फुटला आहे, मग चौकोन कितीही काळाभोर दिसो. नखाने खरवडल्यावर भुकटी निघणारा चौकोनही बाद करावा.

स्टीलवरचा थर पुन्हा घडवण्यासाठी जॉब मार्किंगनंतर डीग्रीज करून (तेल-ग्रीस काढून) 4 ते 10 टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये 49 ते 60 अंशांवर किमान 10 मिनिटे ठेवावा आणि स्वच्छ पाण्याने नीट धुवावा. हीच ती आम्ही गाळलेली पायरी. तापवून काळे केलेले मार्किंग या ॲसिडमध्ये फिके पडू शकते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे; काळेपणा आणि गंजरोध दोन्ही हवे असतील, तर नॅनोसेकंदाहून कितीतरी आखूड पल्सच्या पिकोसेकंद मशीनवर काम करून घेणे उत्तम, खर्च जास्त येतो एवढेच. शेवटी मार्किंग कॉपर सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणाने 6 मिनिटे ओले ठेवावे. तांब्याची गुलाबी छटा उमटली तर सुटे लोह शिल्लक आहे आणि जॉब पुन्हा सायट्रिक ॲसिडच्या टाकीत जाईल. अन्नाशी किंवा शस्त्रक्रियेशी संबंध येणाऱ्या वस्तूंवर ही चाचणी न करता ती सोबत मार्क केलेल्या तुकड्यावर करावी.